ग्रिनिचचे आठ दशांश सेकंद

परवा भारतातून पाहुणे आले होते, म्हणून पुन्हा एकदा ग्रिनिचच्या वेधशाळेत जाणे झाले. मंडळी शून्य रेखावृत्तावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढण्यात रमली. मला मात्र तिथे गेलो की डेव्हिड किनब्रूक आठवतो.

हा १७९४ पासून तिथला साहाय्यक. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन त्याचे साहेब. काम काय, तर दुर्बिणीतल्या उभ्या रेघा तारा केव्हा ओलांडतो ते टिपायचे. त्यासाठी घड्याळातला सेकंद पाहून ठेवायचा, डोळा दुर्बिणीला लावायचा आणि पुढचे ठोके कानाने मोजायचे. रेघेआधीच्या ठोक्याला तारा कुठे होता आणि नंतरच्या ठोक्याला कुठे, यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहायचा.

ऑगस्ट १७९५ मध्ये मॅस्केलिनच्या लक्षात आले की किनब्रूकच्या नोंदी आपल्यापेक्षा अर्धा सेकंद उशिराच्या आहेत. त्याला सांगून पाहिले. फरक कमी व्हायच्या ऐवजी जानेवारी १७९६ पर्यंत ०.८ सेकंद झाला. बिचाऱ्याची नोकरी गेली! बाकी कामात मेहनती होता, असे खुद्द मॅस्केलिननेच हळहळत नोंदवून ठेवले आहे.

०.८ सेकंद म्हणजे किती? तेवढ्यात विषुववृत्तावरची जमीन साधारण ३७० मीटर फिरते. वेळेवरून रेखांश काढणाऱ्यांना ही चूक परवडणारी नव्हती.

पुढे कोनिग्सबर्गच्या बेसेलने ही हकीकत वाचली आणि इतर खगोलज्ञांशी आपले वेध ताडून पाहिले. १८२० मध्ये वालबेक आणि त्याच्यात तर एका सेकंदाहून जास्त फरक निघाला! म्हणजे दोष एकट्या किनब्रूकचा नव्हता. प्रत्येकाचा डोळा-कान जुळवण्याचा हिशोब वेगळा. याला 'पर्सनल इक्वेशन' हे नाव पडले.

आज आपल्याला ठाऊक आहे की वेळेच्या बाबतीत मेंदू कानावर जास्त विसंबतो. तेवढाच वेळ चमकलेला दिवा, सोबत आवाज लांबला तर जास्त वेळ चमकल्यासारखा वाटतो. आवाज आखडला तर कमी. डोळ्याने पाहिलेली वेळसुद्धा निव्वळ डोळ्याची नसते.

ग्रिनिचला १८५४ मध्ये क्रोनोग्राफ आला. तारा रेघेवर आला की कळ दाबायची, ठोके ऐकायची गरज नाही. तरीही माणसामाणसांतला फरक कमी झाला, संपला नाही.

मॅस्केलिनने स्वतःचे वेध बरोबर धरले आणि साहाय्यकाचे चूक. बरोबर कोण, हे दोघांच्या नोंदींवरून ठरवताच येत नव्हते. माझ्याही कामात दोन रीडिंग जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय नवख्या पोरावर जातो. हल्ली अशा वेळी किनब्रूक आठवतो, आणि मी आधी माझे रीडिंग पुन्हा घेतो.