शेंगेतले कोंब

२०१९ च्या ऑक्टोबरात, घुग्घुसजवळच्या आमच्या वर्धेकाठच्या वावरात सोयाबीन सोंगायला आलं अन् पाऊस लागला तो थांबेचना. उभ्या झाडावर शेंगा तडकल्या, आत पांढरे कोंब. बाबा म्हणाले, "पाय पोरा, पोटातच लेकरू रांगाले लागलं."

कोकणातल्या खाडीत कांदळाचं बी झाडावरच रुजतं, ती त्याची रीतच. सोयाबीनच्या पिकल्या दाण्याला मात्र झोपच कमी. ओल लागली की उठला. मग तो ना विकायचा, ना पुढच्या पेऱ्याचा. नोव्हेंबरात, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले, तेही २ हेक्टरांपर्यंत.

बाबांनी काळी पडलेली गंजी बैलांपुढं ओढली. बैलांनी हुंगली अन् तोंड फिरवलं.