८२व्या सेकंदाला निसटलेला तुकडा

कोलंबियाबद्दल वाचताना मी अपघातापाशी नाही, त्याआधीच्या सोळा दिवसांपाशी अडखळतो. १६ जानेवारी २००३ला उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी तो चित्रफितीत दिसलाही. नासाच्या इंजिनिअरांनी कक्षेतल्या यानाच्या पंखाचे फोटो मागितले. वरिष्ठांनी ती विनंती मोडीत काढली. फोम काय, नेहमीच पडतो! १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सातही जण गेले.

उड्डाणं अडीच वर्षं थांबली. २०११मध्ये शटलच निवृत्त झालं आणि २०२०पर्यंत अमेरिकी अंतराळवीर पैसे मोजून रशियाच्या सोयुझमधून स्थानकावर जात राहिले. मधल्या काळात उडालेल्या प्रत्येक शटलवर मात्र, कक्षेत पोचल्यावर, लांब दांड्याला लावलेल्या कॅमेऱ्याने पंख तपासला जाई.