आधी वेठ, मग वंश

वंशद्वेष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका उभी राहते, नाही तर अमेरिकेतील कापसाचे मळे. हा रोग गोऱ्यांचा, समुद्रापलीकडचा, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे हे आज तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जव्हार तालुक्यातील जामसरसारखे एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवले तरी पुरे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. माणसाने माणसास गुलाम करणे फार जुने आहे. परंतु कातडीचा रंग हेच गुलामीचे कारण, ही कल्पना तितकी जुनी नाही. आपल्याच इतिहासातील मलिक अंबर पाहा. जन्माने हबशी, लहानपणी विकला गेलेला हा मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांशी झुंजला. त्याने बसविलेली जमीनमहसुलाची पद्धत दख्खनमध्ये नावाजली गेली. जंजिऱ्यास तर सिद्दींची गादी १९४८ पर्यंत टिकली. त्या काळी माणसे समान मानीत असत असा याचा अर्थ नव्हे. परंतु काळा म्हणजे कायमचा नालायक, असा शास्त्राचा शिक्का तेव्हा तयार झालेला नव्हता.

तो तयार झाला मळ्यांवर. चार शतकांत सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेण्यात आली. त्यांच्या घामावर साखर आणि कापूस पिकला. पण त्याच काळात युरोपात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत, असा घोष होऊ लागला. मग या माणसांचे काय? घोष सोडवेना आणि नफाही सोडवेना. तेव्हा एकच वाट उरली, ती म्हणजे ही पुरती माणसेच नव्हेत असे ठरविणे. १८५३ पासून फ्रान्समध्ये गोबिनोने मानववंशांच्या असमानतेवर ग्रंथ लिहिला, तोपर्यंत गुलामांचा व्यापार तीन शतके चालू होता. आधी वेठ आली, वंशाचे तत्त्वज्ञान मागाहून आले. हा क्रम ज्याला समजला त्याला अर्धा विषय समजला. जोतिराव फुल्यांना तो समजला होता. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी ती, हबशांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली.

हेच तत्त्वज्ञान इंग्रजी राज्याबरोबर आपल्याकडे आले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडले. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख रिस्ले यांनी तर नाकाची रुंदी मोजून जातींची प्रतिष्ठा सांगितली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता.

या सिद्धांतास आपल्याच माणसांनी मोजपट्टीनेच उत्तर दिले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९३२ साली डॉ. घुर्ये यांनी ती मापे पुन्हा तपासून, रिस्ले म्हणतात तो मेळ भारतभर बसत नाही असे दाखविले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्याच मापांच्या आधारे, ब्राह्मण आणि अस्पृश्य निराळ्या वंशांचे नाहीत असे मांडले. त्याआधी इरावती कर्वे बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाची श्रेष्ठता मानणारे होते. कवट्यांच्या ठेवणीत वंशभेद दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध आढळत नाही असे गुरूंपुढेच लिहून दिले आणि १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. पुढे पाचच वर्षांत जर्मनीत वंशाचे कायदे झाले. मोजमाप खोटे ठरले तरी कायदे झाले, कारण कायद्यांना मोजमापाची गरजच नव्हती.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. जव्हारची गादी चौदाव्या शतकापासून संस्थान विलीन होईपर्यंत मुकणे घराण्याकडे, म्हणजे महादेव कोळ्यांकडे होती. ज्यांना पुढे रानटी म्हणून हिणविले, त्यांच्यातीलच हे राज्यकर्ते! तरीही ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वारल्यांची वेठ चुकली नाही. लग्नासाठी कर्ज काढणारा गडी बायकोसह सावकाराकडे राबे. त्याला लग्नगडी हेच नाव पडले. १९३९ च्या सुमारास सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात ही वेठ नोंदविली. जमीनदारांचे म्हणणे ठरलेले असे: वारली आळशी, दारूबाज, धाकावाचून काम करीत नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वारल्यांनी ठरविले की, वेठ द्यावयाची नाही आणि रोज बारा आण्यांखाली राबावयाचे नाही. ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला, पाच माणसे पडली. पण वेठ मोडली. जो वारली जात्याच आळशी होता, तो दाम मिळू लागताच कामाचा कसा झाला, याचे उत्तर कोणत्याही वंशशास्त्रात सापडत नाही.

कोणी म्हणेल, हा जातीचा प्रश्न आहे, वंशाचा नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे आणि ते आम्हांस मान्य आहे. दोहोंची मुळे निराळी आहेत. पण दोन्ही एकच काम करतात. स्वस्त श्रमाला ती जन्माचे कारण जोडून देतात.

ते काम अजून संपलेले नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. तरी दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून बिऱ्हाडे वीटभट्टीवर निघतात, ती पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी. मजुरांची संघटना बांधताना, “या लोकांच्या हाती पैसा दिला की ते पितात,” हे वाक्य आम्ही आजही ऐकतो. सावकाराचा फेटा गेला, वाक्य राहिले. शहरातही वेगळे काय आहे? २०१२ च्या ऑगस्टात अफवा उठताच पुण्यातून ईशान्येकडील शेकडो मुले घाबरून रेल्वेने घरी निघाली. आपल्याच देशात त्यांना चेहऱ्यामुळे परके वाटावे, ही गोष्ट अफवेहून मोठी आहे. आणि सून गोरीच हवी, असा हट्ट धरणारी जाहिरात आपल्यापैकी कोणाच्या घरून गेली नसेल?

संविधानाच्या पंधराव्या कलमात वंशावरून भेद करण्यास मनाई आहे, तेविसाव्यात वेठीस. ही दोन कलमे एकत्र वाचावीत असे आमचे सांगणे आहे. एखाद्या समाजाविषयी “ते लोक असेच” हे शब्द कानी आले, की त्या वाक्यामुळे कोणाची मजुरी कमी राहते एवढे विचारावे. उत्तर बहुधा जवळच सापडते.