पेनिसिलिन जिथे थांबलं

मंडळी, पिंपरीत स्मृतिभ्रंशावर बोलायचं तर सुरुवात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून करू. 1954 साली कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत मिळाली, आणि 1955 मध्ये इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन म्हटलं की जखमा, न्यूमोनिया आठवतो. पण या औषधाने एक प्रकारचं वेडही हटवलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

1900 च्या सुमाराला युरोपातल्या मनोरुग्णालयांत बुद्धी आणि आठवण गमावलेले जे रोगी असत, त्यांत उपदंशाने मेंदू पोखरलेल्यांचा भरणा मोठा होता. अलॉइस अल्झायमर हा मूळचा त्याच आजाराचा अभ्यासक. असा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा कसा ओळखायचा, यावर त्याने 1904 मध्ये प्रबंध लिहिला. त्यामुळे 1906 मध्ये ऑगस्टे डेटर या रुग्ण बाईचा मेंदू समोर आला, तेव्हा त्याची नजर तयार होती. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत पेशींच्या आत गुंते दिसले आणि बाहेर कसलेसे साठे. हे चित्र उपदंशाचं नव्हतं.

पुढे दोन्ही आजारांच्या वाटा फुटल्या. उपदंशाचा जंतू 1913 मध्ये रोग्यांच्या मेंदूतच सापडला, 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं, आणि ते वॉर्ड ओसरले. दुसऱ्या आजारात मारायला जंतूच दिसेना.

1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी या साठ्यांतल्या प्रथिनाची ओळख पटवली. त्याला आपण बीटा-अमायलॉइड म्हणतो. तोवर समजूत अशी, की हे आजारी मेंदूतच तयार होतं. 1992 मध्ये ती कोसळली. निरोगी पेशीसुद्धा हाच तुकडा रोज बनवतात आणि बाहेर सोडतात! मला विचाराल तर या इतिहासातलं खरं वळण हेच.

आता बघा, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना हे पटकन कळेल. पेशीच्या आवरणात एक लांब प्रथिन बसवलेलं असतं. त्याला एक कात्री एकीकडून कापते, दुसरी दुसरीकडून. मधला तुकडा उरतो, तो आपला अमायलॉइड. पत्रा कापला की स्क्रॅप पडणारच. प्रश्न एवढाच, की ते दर शिफ्टला उचललं जातं का.

आधी कात्रीच बंद करून पाहिली. पण तीच कात्री पेशीतली इतर गरजेची प्रथिनंही कापते. अशा एका औषधाची चाचणी 2010 मध्ये थांबवावी लागली, कारण रोग्यांची स्थिती उलट बिघडली. मग लक्ष वळलं उचलणाऱ्यांकडे, म्हणजे मायक्रोग्लिया या पेशींकडे. त्या कचरा गिळतात आणि आतल्या लायसोसोममध्ये पचवतात. पेशींच्या आतले गुंते ज्या टाऊ प्रथिनाचे असतात, ते मायक्रोग्लिया कसं गिळतात, यावर आपल्या पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झालं आहे.

साठे काढणारी अँटिबॉडी औषधं आता आली आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याने घसरण थोडी मंदावते, गेलेलं परत येत नाही, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो.

एक गोष्ट राहिली. लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं हे साठे जमू लागतात. म्हणजे सत्तरीत घरचा रस्ता विसरणाऱ्या माणसाचं स्क्रॅप तो कामावर जात होता तेव्हाच साचायला लागलेलं असतं.