पर्वती : माथा आणि पायथा

पुण्याच्या पर्वतीचा इतिहास बहुधा माथ्यावरून सांगितला जातो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये तेथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. पानिपतच्या पराभवानंतर, १७६१ मध्ये, याच टेकडीवर त्यांचा अंत झाला. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई येथूनच पाहिली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र पायथ्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते.

पायथ्याशी रमणा होता. श्रावणात तेथे ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेसाठी त्याच निधीचा उपयोग झाला. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, अशी मागणी लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ मध्ये केली, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. पुढे दक्षिणा प्राईझ कमिटी आली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. जन्माने मिळणारे दान काही अंशी तरी लेखनाचे पारितोषिक झाले. आपल्या अर्वाचीन गद्याच्या जडणघडणीत रमण्यातील पैशाचाही असा वाटा आहे.

परंतु पायथ्याशी निकष बदलला म्हणून माथ्यावरचे दार उघडले नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे दलित नेते त्यात अग्रभागी होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी हेही सहभागी झाले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. लोकहितवादींच्या अर्जाला तेव्हा ऐंशी वर्षे उलटून गेली होती.

अध्यापनात या दोन घटना सहसा एकमेकींना भेटत नाहीत. दक्षिणा प्राईझ कमिटी प्रारंभीच्या गद्याच्या प्रकरणात येते, तर मंदिरप्रवेशाचे लढे दलित साहित्याच्या पार्श्वभूमीत. मध्ये अनेक प्रकरणे पडतात आणि स्थळ एकच होते, हे विसरले जाते. त्यामुळे प्रबोधन आधी पूर्ण झाले व विद्रोह नंतर उद्भवला, असा सोयीचा क्रम विद्यार्थ्यांच्या मनात ठसतो. पर्वती हा क्रम टिकू देत नाही. ग्रंथांना राजाश्रय मिळवून देणारी सुधारणा आणि माणसाला पायऱ्या चढू न देणारी रूढी एकाच टेकडीच्या आसऱ्याने दीर्घकाळ नांदल्या. वाङ्मयेतिहास शिकवताना हे सहजीवन विद्यार्थ्यांपुढे मांडणे, हे आम्ही आपले काम समजतो.