पक्षाघाताची पूर्वचिन्हे

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडल्यास अथवा तेथील रक्तवाहिनी फुटल्यास शरीराची एक बाजू, वाणी, दृष्टी किंवा तोल यांवर एकाएकी परिणाम होतो. या विकारास पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. तो पूर्वसूचना न देता येतो, अशी समजूत दीर्घकाळ रूढ असल्याने त्याच्या पूर्वचिन्हांचा अभ्यास बराच उशिरा झाला.

ही समजूत भाषेतही दिसते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, तसेच महाराष्ट्रात अन्यत्र, ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. ग्रीक वैद्यकातील ‘ॲपोप्लेक्सी’ या संज्ञेतही आघाताने कोसळण्याचाच अर्थ आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एका बाजूची हालचाल थांबणे व वाचा खुंटणे ही लक्षणे नोंदलेली आहेत; मात्र वातव्याधींचे पूर्वरूप अव्यक्त असते, असेही तेथे म्हटले आहे.

स्विस वैद्य योहान याकोप व्हेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे मेंदूतील रक्तस्रावाशी या विकाराचा संबंध दाखविला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडोल्फ फिरखो यांनी रक्ताच्या गुठळ्यांची प्रक्रिया स्पष्ट केली. रीव्हा-रॉत्ची यांचे रक्तदाबमापक (१८९६) व कोरोत्कॉव्ह यांची श्रवणपद्धती (१९०५) यांमुळे उच्च रक्तदाब हे या विकाराचे प्रमुख कारण मोजता येऊ लागले. कॅनडाचे मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये मानेतील रोहिणीचा विकार आणि पक्षाघातापूर्वी येणारे क्षणिक झटके यांचा संबंध मांडला. विकार पूर्वसूचना देतो, हे यातून स्पष्ट झाले.

तथापि उपचारांचे साधन बराच काळ हाती नव्हते. १९४२ च्या आंदोलनात अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध असलेल्या नेत्यांपैकी मौलाना आझाद (१९५८) व गोविंद वल्लभ पंत (१९६१) यांचे पुढे याच विकाराने निधन झाले. गुठळी व रक्तस्राव यांतील भेद जिवंत रुग्णात दाखविणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णावर प्रथम वापरले गेले ते १९७१ मध्ये. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास उपयुक्त ठरते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. तेव्हापासून लक्षणे ओळखणाऱ्या घरच्या माणसाला उपचारात पहिले स्थान प्राप्त झाले. चेहरा वाकडा होणे, एक हात खाली पडणे व बोलणे अडखळणे या तीन चिन्हांची सोपी कसोटी १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाली. एकाएकी दृष्टी अंधुक होणे, तोल जाणे व तीव्र डोकेदुखी हीही महत्त्वाची लक्षणे होत.

सामान्य माणसाला असे ज्ञान देता येते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामॉन मागसायसाय पुरस्कार मिळाला. माता व बालके यांच्या आरोग्यापासून सुरू झालेल्या या कामात पुढे उच्च रक्तदाब व मधुमेह यांचाही समावेश झाला.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात दूरच्या गावांतील रुग्णाचा बराच वेळ प्रवासातच जातो. अशा वेळी सर्वांत घातक ठरते ती लक्षणे आपोआप नाहीशी होण्याची घटना. हात पुन्हा उचलू लागला, बोलणे सुधारले, की घरचे निश्चिंत होतात; वस्तुतः अशा क्षणिक झटक्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत पक्षाघाताचा धोका विशेष असतो. म्हणून तेल चोळीत वा वाट पाहत न बसता, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी, तोंडाने काहीही न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका (महाराष्ट्रात २०१४ पासून) बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.