बसची पाटी आणि देवनागरीची उंची

बसच्या पाटीवर कोणती लिपी असावी, याची चर्चा सीमाभागात पुष्कळ होते. ती लिपी उमटवणाऱ्या साधनांच्या इतिहासाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पाटीवरचे मराठी वाचता येईल की नाही, हे पुष्कळदा त्या साधनांनीच ठरवले आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या काळापासून अनेक दशके गावाची नावे पत्र्यावर किंवा लाकडी फळीवर रंगवली जात. रंगाऱ्याच्या कुंचल्याला वेलांटी, रफार वा जोडाक्षर यांची अडचण नव्हती. शहरी बसमध्ये कापडी गुंडाळी आली. नावे एकाखाली एक छापलेले लांब कापड दोन रुळांवर गुंडाळलेले असे आणि दांडा फिरवून हवे ते नाव काचेसमोर आणले जाई. येथेही संपूर्ण नाव आधीच छापलेले असल्यामुळे सर्व लिपी समान होत्या.

ही समानता संपली ती अक्षराचे ठिपके झाले तेव्हा. १९६१ च्या सुमारास कॅनडातील फेरान्टी-पॅकार्ड कंपनीत उलटणाऱ्या चकत्यांची पाटी विकसित झाली. चकतीची एक बाजू काळी, दुसरी उजळ रंगाची असते. विद्युतचुंबकाच्या झटक्याने ती उलटते आणि पुढे विजेशिवाय तशीच राहते. पाश्चात्त्य देशांतील बसगाड्यांवर ही पाटी दीर्घकाळ टिकली. नंतर चकत्यांच्या जागी एलईडी दिवे आले, पण ठिपक्यांची जाळी कायम राहिली.

रोमन लिपीतील मोठे अक्षर रुंदीला ५ आणि उंचीला ७ ठिपक्यांत बसते. देवनागरी मात्र तीन मजली आहे. शिरोरेषेवर मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग आणि खाली उकार. अंगाला सात ओळी दिल्या, तर वर आणि खाली प्रत्येकी आणखी तीन-चार ओळी लागतात, म्हणजे एकूण सुमारे १३ ते १५. उंची कमी पडली की ‘संकेश्वर’मधील अनुस्वार मात्रेला चिकटतो आणि ‘खानापूर’चा दीर्घ उकार ऱ्हस्व भासतो.

दुसरा प्रश्न संगणकीय साठवणीचा. भारतीय लिपींसाठीचे इस्की प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक झाले. पुढे युनिकोड रूढ झाले. दोन्हींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण दिसायला ती व्यंजनाआधी यावी लागते. हा क्रम बदलणारी आज्ञावली पाटीच्या यंत्रात नसेल, तर ‘निपाणी’ची वेलांटी ‘न’ सोडून ‘प’च्या डोक्यावर जाते.

कन्नड बांधवांचीही अडचण वेगळी नाही, कारण कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहिला जातो. ‘हुक्केरी’ लिहिताना दोन्ही लिपींना उंची हवीच. ठिपक्यांच्या ओळी वाढाव्यात, ही मागणी म्हणूनच उभय भाषकांना एकत्र करता येईल.

रंगवलेल्या पाटीवर दोन लिपी एकाच वेळी दिसत. एलईडी पाटीवर त्या बहुधा आळीपाळीने येतात; बस थांब्यावर क्षणभरच थांबते आणि केवळ मराठी वाचणाऱ्या आजीच्या वाट्याला नेमकी दुसरी लिपी येऊ शकते. प्रत्येक लिपी किती सेकंद दिसावी, हाही भाषिक हक्काचाच प्रश्न आहे. पत्र्याची पाटी केव्हाही पुन्हा रंगवता येई. ठिपक्यांच्या ओळी मात्र खरेदीच्या दिवशीच ठरून जातात. म्हणून निविदा निघण्यापूर्वीच ओळींची संख्या, वेलांटीचा क्रम आणि दोन्ही लिपींचा समान वेळ यांची लेखी मागणी करावी. चाचणीसाठी संकेश्वर, हुक्केरी, निपाणी आणि खानापूर ही चार नावे पुरेशी आहेत.